दंडावरची शिवण

अंगणवाडीत मूल कुपोषित आहे की नाही हे पाहायला ताई एक रंगीत पट्टी काढतात आणि मुलाच्या डाव्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये गुंडाळतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित समजतात. मोठ्या माणसाच्या अंगावरची चरबी मोजायची असली, तरी मोजणीचा चिमटा दंडाच्या मागच्या बाजूला लावतात. शरीराने काय साठवले आणि काय मोडून खाल्ले, याची नोंद दंडावर सहज वाचता येते.

साठवण मोडली की चरबी जाते, कातडी मात्र मागे राहते. उतारवयात किंवा वजन खूप उतरल्यावर दंडाखाली लोंबणारी ही कातडी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला ब्रेकिओप्लास्टी म्हणतात. जाहिरातींत तिचे नाव ‘आर्म लिफ्ट’ असते. काखेपासून कोपरापर्यंत छेद घ्यायचा, जादा कातडी आणि तिच्याखालची चरबी काढायची आणि कडा जोडून टाके घालायचे. ऐकायला हे शिंप्याने ब्लाउजची सैल बाही आत घेण्याइतके सोपे वाटते. पण बाहीची शिवण आतल्या बाजूला जाते. दंडावरची शिवण बाहेरच राहते, आणि ती जन्मभराची असते. पोटाच्या ऑपरेशनचा वण कपड्यांखाली दडतो, स्तनांवरचा दडतो, मांडीवरचाही दडवता येतो. दंडाला तशी सोय नाही. म्हणून या शस्त्रक्रियेचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो बहुतांशी ही शिवण कुठे आणि कशी घालावी याचाच आहे.

आधी कातडी परत का बसत नाही ते पाहू. त्वचेत दोन प्रकारचे तंतू महत्त्वाचे. कोलॅजेन तिला बळकटी देते, आणि इलॅस्टिन ताण सुटल्यावर तिला मूळ जागी आणते. कोलॅजेन शरीर सावकाश का होईना, नव्याने घडवत राहते. इलॅस्टिन बहुतांशी जन्माच्या आगेमागे आणि बालपणात तयार होते. पुढचे आयुष्य त्याच पुंजीवर काढायचे असते. ऊन, सिगारेट आणि वय ती पुंजी झिजवतात. पंचविशीतल्या माणसाचे आठ-दहा किलो उतरले तर त्वचा बऱ्यापैकी आवळून येते. पन्नाशीत पन्नास किलो उतरले तर येत नाही, कारण वर्षानुवर्षे ताणले गेलेले तंतू तुटलेले असतात. त्यात दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा मुळातच पातळ, आणि बायकांची आणखी पातळ.

दुसरे कारण त्वचेच्या आत आहे. कॉलर बोनपासून निघालेले पडद्यासारखे आवरण काखेतून जाऊन दंडाच्या आवरणाला मिळते आणि दंडाच्या आतल्या-मागच्या भागाला वरून तोलून धरते. वयाबरोबर आणि वजनाच्या चढउतारांबरोबर ते सैल पडते आणि त्यावर टांगलेला भाग खाली येतो. म्हणजे लोंबते ती नुसती कातडी नसते, तिला धरून ठेवणारा आधारच ढिला झालेला असतो. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स स्नायू व्यायामाने भरतो, थोडी पोकळी भरूनही निघते, पण कातडीची लांबीरुंदी डंबेल्सने कमी होत नाही. त्वचा घट्ट करणारी म्हणून विकली जाणारी मलमे या कामाची नाहीत. तो पैसा फुकट जातो.

गंमत अशी की चारशे वर्षांपूर्वी युरोपात हीच कातडी मोठ्या मोलाची होती. बोलोन्या विद्यापीठातला प्राध्यापक गास्पारे ताल्याकोत्सी याने १५९७ साली व्हेनिसमध्ये एक ग्रंथ छापला. द्वंद्वयुद्धात किंवा रोगाने नाक गमावलेल्यांना नवे नाक कसे द्यावे, हा त्याचा विषय. त्याची पद्धत अशी: दंडाच्या आतल्या बाजूची, बेटकुळीवरची कातडी पट्टीसारखी सोडवायची, पण तिचे एक टोक दंडालाच ठेवायचे. दुसरे टोक नाकाच्या जागी शिवायचे. मग हात डोक्यावर घेऊन चामड्याच्या आणि कापडाच्या पट्ट्यांनी आवळून टाकायचा आणि रोग्याला सुमारे वीस दिवस तसेच ठेवायचे. तेवढ्यात कातडीला चेहऱ्याकडून रक्त मिळू लागले की दंडाकडचे टोक कापायचे. त्याच्याआधी पंधराव्या शतकात सिसिलीतले ब्रांका घराणे ही युक्ती वापरत असे. दंडच का? तिथली त्वचा मऊ असते, जवळजवळ केसरहित असते आणि दंड तोंडापाशी नेता येतो. बोलोन्याच्या जुन्या शवविच्छेदनगृहात ताल्याकोत्सीचा लाकडी पुतळा आहे. त्याच्या हातात एक नाक आहे.

आपल्याकडे नाकासाठी कपाळाची कातडी घेत. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्याजवळ झालेल्या अशा शस्त्रक्रियेची हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सचित्र छापून आली. त्यानंतर वीस वर्षांनी, १८१४ साली, जोसेफ कार्प्यू याने इंग्लंडमध्ये ती करून दाखवली. पुढे सर्जन या दोन वाटांना इटालियन आणि इंडियन पद्धत म्हणू लागले. दोन्हींत कातडी कमी पडत होती. जादा झालेल्या कातडीचे काय करायचे, हा पोट भरलेल्या जगाचा प्रश्न. तो यायला आणखी शंभर वर्षे लागली.

१८९९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉवर्ड केली यांनी पोटावरचा चरबीचा पडदा कापून काढला. दंडाकडे वळणारे पहिले सर्जन म्हणून शिकागोच्या मॅक्स थोरेक यांचे नाव घेतात. त्यांनी १९३० साली दंडावरची चरबी कातडीसकट काढण्याचे वर्णन केले. पण निव्वळ रूपासाठी, शास्त्रशुद्ध रीतीने ही शस्त्रक्रिया मांडली ती कोरेया-इतुरास्पे आणि फर्नांडेस या अर्जेंटिनातल्या दोघांनी, १९५४ साली. पुढची नावेही बरीचशी त्याच बाजूची आहेत. ब्राझीलचे इव्हो पितांगी, मेक्सिकोचे होसे गेरेरोसांतोस, अर्जेंटिनाचे हुरी. ज्या देशांत वर्षातला बराच काळ बाह्या नसलेले कपडे घालून फिरतात, तिथल्या सर्जनांनी यात लक्ष घालावे याचे नवल नाही.

सुरुवातीच्या दंडांचे हाल मात्र झाले. कोपरापासून काखेपर्यंत सरळ रेषेत छेद घेतला की भरताना वण त्याच रेषेत आखडतो. काख हा घडीचा भाग. सरळ वण तिच्यावरून आडवा गेला तर बदकाच्या पंजाच्या पडद्यासारखी ताठ पट्टी तयार होते आणि हात पुरता वर जाईनासा होतो. यावर उपाय म्हणून काखेत छेदाला ‘झेड’ अक्षरासारखे वळण देऊ लागले. मग कोणी इंग्रजी ‘एस’सारखा छेद घेतला, कोणी ‘डब्ल्यू’सारखा नागमोडी, कोणी ‘टी’सारखा. लांबी मोडली की आखडणे वाटले जाते, हे त्यामागचे तत्त्व. तरी तक्रारी संपल्या नाहीत. वण रुंद होत, ठरल्या जागेवरून खाली सरकत, जाड आणि तांबडे राहत. सत्तरच्या दशकापर्यंत कित्येक सर्जन ही शस्त्रक्रिया टाळतच असत. लोंबती कातडी जावी आणि तिच्या जागी बोटभर रुंदीचा पट्टा यावा, हा सौदा कोणाला परवडणार?

माझ्या मते खरे वळण आले ते १९९५ साली, टेड लॉकवुड या अमेरिकी सर्जनच्या लेखाने. वर सांगितलेल्या आतल्या आवरणाचा अभ्यास त्यांनी मृतदेहांवर आणि शस्त्रक्रियांत केला होता. त्यांचे म्हणणे साधे होते. आपण ओझे त्वचेवर टाकतो, म्हणून वण फाकतो. ते ओझे आतल्या आवरणावर टाका. दंडाच्या चरबीतला पडदा काखेच्या मजबूत आवरणाला पक्क्या टाक्यांनी टांगा आणि मग वरची त्वचा ताण न देता नुसती जुळवा. आज बहुतेक सर्जन कुठल्या ना कुठल्या रूपात हेच करतात.

दुसरी मदत लायपोसक्शनची. नळीने चरबी ओढून घेण्याची कल्पना १९७०च्या दशकात इटली आणि फ्रान्समध्ये रुजली. १९८७ साली कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन यांनी आधी भूल आणि अॅड्रिनॅलिन मिसळलेले सलाइन भरपूर टोचून मग चरबी काढायची रीत प्रसिद्ध केली, त्यामुळे रक्तस्राव फार कमी झाला. दंडाची चरबी आधी अशी काढून घेतली की मागे राहते ती पातळ, मोकळी कातडी. ती वरवर कापली तरी भागते, खोल शिरावे लागत नाही, आणि खोलातल्या शिरा, नसा, लसिकावाहिन्या वाचतात.

मग एकाएकी रुग्ण आले. १९६०च्या दशकात आयोवाचे एडवर्ड मेसन यांनी सुरू केलेली लठ्ठपणावरची जठर-बायपास शस्त्रक्रिया नव्वदीत दुर्बिणीतून होऊ लागली आणि सोपी झाली. पन्नास, साठ, ऐंशी किलो वजन उतरलेली माणसे हजारोंनी दिसू लागली. अमेरिकन प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २००० साली तिथे दंडाच्या या शस्त्रक्रिया तीनशेच्या थोड्या वर झाल्या होत्या. २०१२ साली पंधरा हजारांवर. त्यातले ९८ टक्के रुग्ण स्त्रिया. संघटनेने तेव्हा एक पाहणीही करून घेतली: कोणाचे दंड तुम्हाला सर्वांत आवडतात? उत्तरात पहिले नाव आले मिशेल ओबामांचे. कसरतीने कमावलेले दंड आणि टाके घालून घट्ट केलेले दंड यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मात्र कोणी विचारलेले दिसत नाही.

आता ऑपरेशन थिएटर. खरे काम भुलेच्या आधी, मार्करने सुरू होते. रुग्ण जागी असते, बसलेली किंवा उभी. हात खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात वर. सर्जन आधी शिवण जिथे यायला हवी ती रेघ काढतो: बहुधा दंडाच्या आतल्या बाजूला, बेटकुळीच्या खालच्या घळीत. काही जण ती मागच्या बाजूला घेतात. आतली रेघ हात खाली असताना झाकली जाते, मागची रेघ रुग्णाला स्वतःला आरशात दिसत नाही, बाकीच्यांना दिसते. मग काखेपासून कोपरापर्यंत ठिकठिकाणी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत कातडी धरून किती निघेल याचा अंदाज घेतो आणि ठिपके देतो. या चिमटीत चरबीची जाडीही येते. ती वजा केली नाही तर कापणे जास्त होते. शेवटी रेघांवर आडव्या खुणा करतो, म्हणजे शिवताना वरची कोणती खूण खालच्या कोणत्या खुणेला भिडवायची हे चुकत नाही. बहुतेकींचे दोन दंड सारखे नसतात, म्हणून प्रत्येकाचे आरेखन वेगळे.

पूर्ण भूल दिली की ब्लड प्रेशरचा पट्टा पायाला बांधतात, कारण दोन्ही दंड कामात असतात. औषध मिसळलेले सलाइन टोचून थोडा वेळ थांबतात, चरबी ओढून घेतात, आणि मग सुरी. इथे एक गोष्ट नवख्याला चकवते. सगळी कातडी एकदम कापून मग शिवायला बसायचे नसते. दंड काही मिनिटांत सुजतो आणि मोजून कापलेल्या कडा एकमेकींना पोचत नाहीत. कापलेली कातडी काही परत जोडता येत नाही. म्हणून थोडे कापायचे, तिथल्या तिथे स्टेपलने किंवा टाक्याने बंद करायचे, पुढचे थोडे कापायचे, असे सरकत जातात. कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्यापासून वर साधारण १४ सेंटिमीटरवर बॅसिलिक शीर आणि तिच्या सोबतीची एक नस खोल आवरणातून चरबीत येतात. ती नस पुढच्या हाताच्या आतल्या बाजूची संवेदना नेते. ती दुखावली तर कोपराखालचा तो भाग बधिर होतो किंवा झिणझिणत राहतो. म्हणून आवरणावर चरबीचा एक थर मुद्दाम सोडतात. शेवटी आतून बाहेर थरांनी टाके, सगळ्यांत वर त्वचेखालून फिरणारा विरघळणारा धागा. दोन-तीन तास जातात. निघालेल्या कातडीचे वजन मोजले तर बहुधा दर दंडामागे काहीशे ग्रॅम भरते, म्हणून वजन कमी करायला ही शस्त्रक्रिया कोणी करून घेऊ नये.

घरी जाताना दोन्ही हातांवर घट्ट दाबबाह्या असतात. त्या चार ते सहा आठवडे वापरायच्या. बांगड्या, पाटल्या, अंगठ्या आधीच काढून ठेवाव्या लागतात, कारण पंजे सुजतात आणि मग त्या निघत नाहीत. झोपताना हात उशांवर उंच. दहा-पंधरा दिवसांनी टेबलावरचे काम जमते, पण भरलेली कळशी, गॅसचे सिलिंडर, कडेवर मूल हे महिना-दीड महिना वर्ज्य. केसांची वेणी घालणेही पहिले काही दिवस दुसऱ्या कोणाकडे सोपवावे लागते.

आता धोके. २००६ साली मेयो क्लिनिकच्या सर्जनांनी आपल्या ४० रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. २५ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली, १२.५ टक्क्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि ५ टक्क्यांच्या वर सांगितलेल्या नसेला इजा झाली. बहुतेक गुंतागुंती जिवावरच्या नसतात: काखेपाशी घामाने आणि हालचालीने टाके उसवतात, कातडीखाली पाणी साठते, जखमेत जंतू जातात, वण जाड होतो. पण चारातल्या एकीला त्रास, हा आकडा रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला थोडा नाही. वजन उतरलेल्यांना आणखी एक अडचण असते. जठर-बायपासनंतर प्रथिने, लोह, बी-१२ कमी पडतात आणि जखम भरायला नेमके हेच लागते. म्हणून रक्ताच्या तपासण्या पाहिल्याशिवाय तारीख देऊ नये, आणि वजन किमान सहा महिने एका जागी स्थिर हवे. सिगारेट ओढणाऱ्यांनी ती आधी चार ते सहा आठवडे बंद करायची, कारण निकोटिनने त्वचेचे रक्त आटते. स्तनाच्या कर्करोगासाठी ज्यांच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, त्यांनी त्या हातावर हे धाडस करू नये. तिथली लसिका वाहून जायची वाट आधीच अरुंद झालेली असते आणि हात कायमचा सुजून राहू शकतो.

वणाबद्दल भारतीय वाचकांनी जास्त सावध राहावे. गोऱ्या कातडीपेक्षा सावळ्या कातडीवर वण काळपट पडण्याची आणि केलॉइड, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढणारा मांसल वण, होण्याची शक्यता अधिक. कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर ज्यांना अशी गाठ आली, त्यांनी ते सर्जनला न विचारताच सांगावे. पहिले काही महिने वण लाल, घट्ट आणि खाजरा असतो. सिलिकॉनची पट्टी, मालिश, गरज पडली तर इंजेक्शन यांनी तो मवाळ होतो, आणि वर्ष-दीड वर्षात रंग उतरतो. नाहीसा होत नाही.

काखेतच लपणाऱ्या छोट्या छेदाची शस्त्रक्रियाही असते. ज्यांची सैल कातडी फक्त दंडाच्या वरच्या तिसऱ्या भागात आहे, त्यांना ती पुरते. चरबी जास्त पण कातडी अजून ताणदार असेल तर नुसते लायपोसक्शन पुरते, लांब वणही पडत नाही. पण दोन्हींची जाहिरात सगळ्यांसाठीच केली जाते. कोपरापर्यंत लोंबणाऱ्या दंडावर काखेतला छोटा छेद घेऊन भागवले, तर पैसे जातात आणि कातडी जिथल्या तिथे राहते. उलट वजन खूपच उतरले असेल तर छेद काखेतून खाली छातीच्या बाजूवर न्यावा लागतो, कारण सैल कातडी तिथपर्यंत गेलेली असते.

येत्या काळात हे रुग्ण वाढणार, असा माझा अंदाज आहे. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले. वजनासाठीची अशी इंजेक्शने २०२५ साली भारतातही विक्रीला आली. चरबी उतरवणारे औषध मिळाले. कातडी आवळणारे अजून कोणी केलेले नाही.

खर्चाचा विचार आधीच करावा. भारतातल्या आरोग्य विम्यांत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे वगळलेली असते, त्यामुळे पैसे खिशातून जातात. घडीखाली वारंवार जखमा आणि बुरशी होत असेल तर त्याची कागदपत्रे ठेवून विमा कंपनीला विचारायला हरकत नाही. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीआरएनबी पदवी आहे का आणि वैद्यक परिषदेकडे ती नोंदलेली आहे का, हे पाहा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ एवढीच पाटी पुरेशी नाही. भूलतज्ज्ञ कोण आणि रात्री काही झाले तर रुग्णालयात कोण असेल, तेही विचारा. मग सर्जनकडे त्याच्या स्वतःच्या रुग्णांचे फोटो मागा. ऑपरेशननंतर महिन्याभराचे, हात खाली सोडलेले फोटो उपयोगाचे नाहीत. वर्ष उलटल्यानंतरचे, हात वर करून काढलेले, सावळ्या कातडीवरचे फोटो पाहा. ते दाखवायला जो काचकूच करेल, त्याच्याकडे शस्त्रक्रिया करून घेऊ नका.